आचाऱ्यावर सोपविलेलें जेवण



आमच्या नळदुर्गाकडे दारीं आलेल्या पाहुण्यास "काय खाल?" असें विचारण्याची चाल नाहीं. "जेवून जा" एवढेंच म्हणतात. पाहुणाही ताटांत काय येणार याची चौकशी करीत नाहीं. घरांत जें असेल तें, आणि घरच्या बाईच्या मनांत जें आलें असेल तें, त्याच्यापुढें येतें. वेळ अमावास्येला तर अनोळखी वाटसरूलासुद्धां शेतांतल्या कोपीपाशीं हांक मारून बसवितात. तेथें भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे आणि गव्हाची खीर समोर आल्यावर "मला हें नको, तें आणा" असें म्हणणारा मनुष्य आमच्याकडे अडाणी ठरतो. हॉटेलांत मात्र सारा प्रकार उलटा. तेथें आपण मालक, हातांत पदार्थांची यादी, आणि रांधणारा मनुष्य भिंतीपलीकडे. तो काळा कीं गोरा हेंही आपणांस ठाऊक नसतें.

जपानांत या दोहोंपेक्षां निराळी अशी एक तिसरी रीत आहे. तिला ओमाकासे म्हणतात. माकासेरु म्हणजे सोपविणें, हवालीं करणें. त्याला आदरार्थी 'ओ' लागून हा शब्द झाला. "आपल्यावर सोपविलें" असा त्याचा भावार्थ. गिऱ्हाईक पैसे मोजतें, पण काय जेवावयाचें, किती, आणि कोणत्या क्रमानें, हें सर्व आचारी ठरवितो. आणि तो भिंतीआड नसून समोर उभा असतो. ही रीत विशेषतः सुशी या पदार्थाच्या जेवणांत पाळतात, आणि कांहीं विशेष प्रसंग असला म्हणजे हौसेनें पाळतात. आज मला तिच्याविषयीं सांगावयाचें आहे.

नळदुर्गच्या एका निवृत्त मास्तरानें हा विषय कां घ्यावा, ही शंका रास्त आहे. गेल्या मार्गशीर्षांत आमच्या लग्नाला चाळीस वर्षें पुरीं झालीं. मुंबईस असणाऱ्या मुलीनें आम्हां उभयतांस बोलावून घेतलें आणि म्हणाली, "बाबा, या खेपेला आईला कोणीतरी समोर बसवून वाढलें पाहिजे." जेवण सुशीचें, आणि आचाऱ्याच्या मर्जीचें, असें तिनें ठरवून टाकलें होतें. मला हें थट्टेचें वाटलें. माझ्या गळ्यांत माळ नाहीं. बोरीच्या पात्रांतला मासा तळून भाकरीबरोबर मी आवडीनें खातों. परंतु आमच्या सौभाग्यवती माहेराहूनच माळकरी. मासळीच्या वासानेंही जी दूर सरते तिला मासळीच्या जेवणास न्यावयाचें, आणि वर आचारी वाढील तें निमूटपणें खा म्हणावयाचें, हें कसें जमणार?

तें कसें जमलें हें सांगण्यापूर्वीं सुशी म्हणजे काय हें सांगितलें पाहिजे. सुशी म्हणजे कच्चा मासा, अशी सर्वत्र समजूत आहे. माझीही तीच होती. ती चूक आहे. सुशी म्हणजे भात. शिरका, मीठ आणि थोडी साखर घालून आंबट केलेला भात. शब्दाचा मूळ अर्थच 'आंबट' असा आहे. त्या भातावर मासा असेल, अंडें असेल, नाहींतर काकडी असेल; पण भात नसेल तर ती सुशी नव्हे. कच्च्या माशाचे नुसते काप वाढले तर त्यांस साशिमी म्हणतात.

हा भात आंबट कां, याची कथा मोठी मनोरंजक आहे, आणि आंबील पिणाऱ्या लोकांस ती चटकन समजेल. दक्षिणपूर्व आशियांतल्या भातखोऱ्यांत मासा टिकविण्याची एक युक्ति प्राचीन काळीं निघाली असावी, असें विद्वानांचें मत आहे. पावसाळ्यांत खाचरांत पाणी चढलें कीं मासे अमाप, आणि पाणी ओसरलें कीं औषधालाही नाहींत. तेव्हां मासा साफ करून मिठांत घालावयाचा, मग शिजलेल्या भातांत दडपून वर दगड ठेवावयाचा, आणि महिनोन् महिने तसाच राहूं द्यावयाचा. भात आंबतो, आणि त्या आंबटपणामुळें मासा सडत नाहीं. आपण ज्वारीचें पीठ आणि ताक मडक्यांत आंबत ठेवितों तेव्हां जे सूक्ष्म जंतु काम करतात, त्यांच्याच भाऊबंदांचें हें काम. अखेर भाताचा लगदा होई. तो काढून टाकीत आणि मासा खात. जपानांत बिवा सरोवराच्या कांठीं, शिगा प्रांतांत, फुनाझुशी या नांवानें ही जुनी रीत आजही चालू आहे. म्हणजे ज्या भाताला आज सुशीचा प्राण म्हणतात, तो मुळांत फेंकून देण्याचा जिन्नस होता!

पुढें लोकांस इतका धीर धरवेना. आंबविण्याची मुदत कमी कमी होत गेली, भातही खाऊं लागले, आणि शेवटीं आंबण्याची वाट न पाहतां भातांत शिरकाच घालावा अशी सोय निघाली. आजच्या सुशीचा मुटका एदो शहरांत, म्हणजे आजच्या टोकियोंत, १८२० ते १८३० च्या सुमारास लोकप्रिय झाला, आणि त्याचें श्रेय बहुधा हानाया योहेई या दुकानदारास देतात. त्याचा जन्म १७९९ चा, मृत्यु १८५८ चा. हाताच्या मुठींत भाताचा मुटका दाबावयाचा, त्यावर माशाची फोड बसवावयाची आणि गिऱ्हाइकाच्या हातीं द्यावयाची, इतकी ही सुटसुटीत कृति. रस्त्याच्या कडेला गाडी लागे. कामकरी लोक उभ्या उभ्या दोन नग खाऊन वाट धरीत. तेव्हांचा नग आजच्यापेक्षां दुपटीतिपटीनें मोठा होता. आपल्याकडे ज्वारीची भाकरी आणि ठेचा जसा घाईच्या माणसाचा आधार, तशी ही एदोच्या घाईच्या माणसाची सुशी. आज तिच्यासाठीं एका माणसामागें हजारों रुपये पडतात, हें योहेईस सांगितलें असतें तर तो हंसला असता.

सप्टेंबर १९२३ मध्यें टोकियोच्या परिसरांत प्रलयंकारी भूकंप झाला. शहर उद्ध्वस्त झालें, तेथले आचारी आपापल्या गांवीं पांगले, आणि त्यांच्याबरोबर ही एदोची सुशी देशभर गेली. मग महायुद्ध आलें. युद्धानंतर धान्याची इतकी टंचाई झाली कीं १९४७ सालीं सरकारनें खाण्याचीं दुकानें बंद केलीं. तेव्हां टोकियोच्या सुशीवाल्यांनीं एक तोड काढली. गिऱ्हाइकानें घरून एक 'गो', म्हणजे अदमासें दीडशें ग्रॅम, तांदूळ आणावे, मजुरी द्यावी, आणि दहा नग घेऊन जावे. आम्ही अन्न विकीत नाहीं, लोकांच्या तांदुळांवर नुसती मजुरी करतों, असें सांगून त्यांनीं परवानगी मिळविली. मला ही हकीकत फार आवडते. आमच्या लहानपणीं भट्टीवर ज्वारी घेऊन जात आणि मजुरी देऊन लाह्या फोडून आणीत, त्याचीच ही जपानी बहीण.

एवढ्या तयारीनिशीं आतां जेवणाकडे वळूं.

मुंबईस जपानी पदार्थ आतां नवलाचे राहिलेले नाहींत. तेथील ताजमहाल हॉटेलांत मासाहारू मोरीमोतो या हिरोशिमाच्या विख्यात आचाऱ्याच्या नांवानें २००४ सालीं एक भोजनगृह निघालें, आणि त्यानंतर सुशी मिळण्याचीं ठिकाणें शहरांत वाढत गेलीं. आम्ही गेलों तें ठिकाण अगदीं लहान होतें. एक लांब, गुळगुळीत लांकडी फळी, अलीकडे आठदहा माणसें बसतील एवढीं आसनें, पलीकडे आचारी. मध्यें ना पडदा ना भिंत. आचारी जपानी नव्हता. दार्जिलिंगकडचा तरुण होता तो, आणि त्यानें हें काम एका जपानी उस्तादाच्या हाताखालीं कित्येक वर्षें शिकून घेतलें होतें. जपानांत पूर्वीं उमेदवाराला पहिलीं कांहीं वर्षें भांडीं घासण्यांत आणि भात शिजविण्यांत घालवावीं लागत. माशावर सुरी चालविण्याची पाळी फार उशिरां येई.

बसल्यावर प्रथम हात पुसावयास वाफेचा ओला रुमाल आला. मग त्या तरुणानें एकच प्रश्न विचारला, तोही हिंदींत: "आपणांस काय चालत नाहीं?" काय हवें हें त्यानें विचारलें नाहीं. ओमाकासेचा सारा व्यवहार या एका प्रश्नांत आहे. निवड त्याची, पण जें वर्ज्य असेल तें सांगण्याचें काम आपलें, आणि तें शक्य तर जागा राखतांनाच सांगावयाचें. कारण त्याची खरेदी सकाळीं होते. टोकियोचे आचारी पहांटे बाजारांत जातात. पूर्वीं तो बाजार १९३५ पासून त्सुकिजी येथें भरे. ऑक्टोबर २०१८ पासून तो तोयोसु येथें भरतो. त्या दिवशीं जो मासा चांगला मिळेल त्यावर संध्याकाळचें जेवण ठरतें. यादी छापली कीं तिच्यांतला प्रत्येक पदार्थ रोज ठेवावा लागतो, मग तो ताजा असो वा नसो. यादी नसेल तर आचाऱ्यास लबाडी करण्याचें कारणच उरत नाहीं. निदान तत्त्व असें आहे.

मुलीनें आठ दिवस आधींच आईच्या माळेची गोष्ट कळविली होती. त्यानें मान लवविली आणि कामास लागला.

माझ्यापुढें पहिल्यानें पांढऱ्या मांसाच्या माशाची फोड आली, जवळजवळ पारदर्शक. मग शिरक्यांत मुरविलेला बांगड्याच्या जातीचा मासा. मग कुपा, म्हणजे ज्याला हे लोक मागुरो म्हणतात तो, तांबडा लाल. त्यामागून त्याच कुप्याच्या पोटाकडची चरबीची फोड. मग उकडलेली कोळंबी, त्यानंतर मऊ शिजवून वरून गोडसर रस लावलेली समुद्रांतली वाम, आणि शेवटीं अंड्याची गोड वडी. हा क्रम लहरीचा नव्हे. सौम्य आधीं, उग्र आणि स्निग्ध मागून. चरबीचा घांस पहिल्यानें घेतला तर जीभ लेपली जाते आणि पुढच्या नाजूक माशाची चव लागत नाहीं. मधून मधून खाण्यास शिरक्यांतलें आलें देतात, तेंही तोंड धुतल्यासारखें स्वच्छ व्हावें म्हणून. तें सुशीवर ठेवून खावयाचें नसतें. सुशी कच्चाच मासा असते असेंही नाहीं, हें यावरून ध्यानीं येईल. मुरविणें, उकडणें, शिजविणें, सर्व प्रकार यांत आहेत. एदोच्या काळीं बर्फ नव्हता, म्हणून मासा मिठांत, शिरक्यांत किंवा सोयाच्या रसांत बुडवूनच ठेवावा लागे. त्या नाइलाजाचीच पुढें कला झाली. ज्या चरबीच्या फोडीला आज सर्वांत अधिक दाम पडतो, ती तेव्हां लवकर नासते म्हणून टाकून देत.

सोयाचा रस म्हणजे सोयाबीन आणि गहूं आंबवून केलेलें काळें, खारट पाणी. आमच्या धाराशिव जिल्ह्यांत पावसाळ्यांत जिकडे तिकडे सोयाबीन डोलत असतें. त्याचें आम्ही तेल आणि पेंड यांपलीकडे कांहीं केलें नाहीं, हें त्या फळीवर बसल्या बसल्या माझ्या मनांत आलें. असो. वासाबी नांवाचा जो हिरवा तिखट लेप असतो तो थंड, वाहत्या पाण्यांत वाढणाऱ्या एका वनस्पतीचा कंद किसून करतात; किसल्यानंतर थोड्याच मिनिटांत त्याचा झणझणीतपणा उडूं लागतो. खरी वासाबी महाग, म्हणून जगांत बहुतेक ठिकाणीं दुसऱ्याच एका तिखट मुळाला हिरवा रंग देऊन तिच्या नांवावर खपवितात. चांगला आचारी हा लेप स्वतःच भात आणि मासा यांच्या मध्यें जरूर तेवढा लावतो, आणि सोयाचा रसही ब्रशानें स्वतःच वर फिरवितो. तसें केलें असेल तर आपण पुन्हां कशांतही बुडवावयाचें नाहीं. बुडविण्याची वेळ आलीच तर माशाची बाजू बुडवावी. भाताची बुडविली तर मुटका रस पितो आणि फुटतो. हातानें खाल्लें तरी चालतें. काड्यांचें कसब आपणांस नाहीं म्हणून संकोचण्याचें कारण नाहीं.

पण सर्वांत महत्त्वाचा नियम वेळेचा आहे. नग समोर ठेवला कीं लगेच खावयाचा. भात हाताच्या उबेइतका ऊन असतो, मासा त्याहून थंड. हा मेळ क्षणभरच टिकतो. समुद्रशेवाळाचा कागदासारखा पापुद्रा गुंडाळलेला नग असेल तर तो पापुद्रा मिनिटाभरांत चिवट होतो. मी गप्पांच्या नादांत एक नग तसाच ठेवला, तेव्हां त्या तरुणाचे डोळे त्या नगावर असे खिळले कीं माझ्या वर्गांत गृहपाठ न आणणाऱ्या मुलाला काय वाटत असेल तें मला कळलें.

आमच्या सौभाग्यवतींनीं मात्र पहिल्यापासून हा नियम पाळला. कोणीं न सांगतां. ती त्याच्या हातांकडे पाहत होती. ओल्या बोटांनीं तो भात उचली, चारपांच हालचालींत त्याचा मुटका वळी, आणि तो असा कीं बाहेरून सुटत नाहीं पण आंत वारा खेळता राहतो. तोंडांत गेल्यावर दाणा दाणा मोकळा होतो. फार दाबला तर लाडू, कमी दाबला तर शितें. बऱ्याच वेळानें ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "अहो, याचा हात भाकरीचा आहे बघा." मला यापेक्षां अचूक वर्णन सुचलें नसतें. भाकरीच्या पिठांत पाण्याखेरीज कांहीं नाहीं. चिकटपणा नाहीं, तेल नाहीं. ती थापतांना कडा फुटूं न देणें आणि तव्यावर फुगेल एवढीच जाड ठेवणें, हें सगळें बोटांना समजतें, डोक्याला नाहीं. आणि तीही तव्यावरून थेट ताटांत आली तरच तिची चव.

तिच्यापुढें काय आलें? पहिल्यानें काकडी. मग भाजून साल काढलेलें वांगें, त्यावर किंचित आलें. चंपाषष्ठी दोनच दिवसांपूर्वीं झाली होती आणि खंडोबाला भरिताचा नैवेद्य दाखवून झाला होता, म्हणून वांग्याचें बंधन सुटलें होतें. तिनें तें आनंदानें खाल्लें. मग शिताके नांवाची अळंबी, मग सोयाबिनाच्या पनीराची तळलेली पिशवी करून तींत भरलेला भात. दुसऱ्या नगापासून तिचे मुटके माझ्यापेक्षां लहान येऊं लागले. तिला एका घांसांत जड जातें हें त्यानें पहिल्याच नगाला पाहिलें होतें. आम्हीं सांगितलें नव्हतें.

आणि मग ती गोष्ट घडली जिच्यासाठीं मी हें भाषण करीत आहें. मदतनीस पोरगा आम्हां तिघांपुढें मिसोच्या साराच्या वाट्या ठेवूं लागला. तिची वाटी फळीवर टेकली न टेकली तोंच त्या तरुणानें हातांतलें काम टाकून ती उचलली, आणि म्हणाला, "आईजी, ही आपली नाहीं." आंत मासा कोठेंही दिसत नव्हता. पांढऱ्या फोडी, हिरवी कांद्याची पात. मी निःशंकपणें पी म्हटलें असतें. परंतु जपानी साराचा पाया दाशी नांवाचें पाणी असतें, आणि तें बहुधा कात्सुओ नांवाच्या वाळविलेल्या माशाच्या किसापासून काढतात. भाजी शिजवावयाची तर त्यांत तेंच पाणी, बुडवावयाचा रस करावयाचा तर त्यांतही तेंच. अंड्याच्या वडींतसुद्धां तें असतें. आपल्याकडील शाकाहारी माणसें येथेंच फसतात. "यांत मासा आहे काय?" असें विचारलें तर वाढणारा प्रामाणिकपणें नाहीं म्हणतो, कारण त्याच्या दृष्टीनें तें नुसतें पाणी. म्हणून ज्यांना वर्ज्य आहे त्यांनीं "दाशी कशाची?" असें नांव घेऊन विचारावें. बौद्ध मठांतल्या शोजिन पद्धतीच्या स्वयंपाकांत ही दाशी कोंबु नांवाच्या समुद्रशेवाळापासून आणि वाळलेल्या अळंबीपासून करतात. त्या तरुणानें तिच्यासाठीं तशी वेगळी करून ठेविली होती. घाईंत पोराकडून वाटी बदलली.

दुसरी वाटी आली. हिनें ती दोन्ही हातांनीं उचलली आणि कांहीं न विचारतां प्यायली. चाळीस वर्षांत बाहेरच्या अन्नाला तिनें प्रश्न न विचारतां तोंड लावलेलें मीं पाहिलेलें नव्हतें.

सोपविणें म्हणजे डोळे मिटणें नव्हे, हें मला येथें समजलें. विश्वास टाकणारा आणि विश्वास पेलणारा, दोघेही जागे पाहिजेत. हल्लीं ओमाकासे हें नांव फार स्वस्त झालें आहे. कित्येक ठिकाणीं बारा पदार्थ आधींच ठरलेले असतात, प्रत्येकापुढें तेच येतात, आचारी मान वर करून पाहत नाहीं. मग त्याला थाळी म्हणावें, त्यांत कमीपणा नाहीं. टोकियोंत गिंझा भागांत एका तळघरांत जिरो ओनो यांचें दहा आसनांचें दुकान आहे. ओनोंचा जन्म १९२५ चा. एप्रिल २०१४ मध्यें अमेरिकेचे तेव्हांचे अध्यक्ष बराक ओबामा तेथें जेवून गेले. जेवणारा डावखुरा आहे असें दिसलें तर तेथें नग त्याच्या डाव्या हाताला सोयीचा असा तिरपा ठेवितात, असें सांगतात. परंतु वीसएक नगांचें तें जेवण अर्ध्या तासाच्या आसपास आटोपतें. मला एवढी घाई मानवली नसती.

कच्च्या माशाविषयीं एक सूचना दिल्यावांचून पुढें जाणें योग्य नाहीं, कारण हें ऐकून कोणी तरुण घरीं प्रयोग करूं पाहील. समुद्रांतल्या माशांतही कृमि असतात. म्हणून कच्चा खावयाचा मासा कडक गोठवून घेतात: अमेरिकेंतल्या अधिकाऱ्यांचें मान शून्याखालीं २० अंशांवर सात दिवस, किंवा शून्याखालीं ३५ अंशांवर गोठवून १५ तास, असें आहे. घरच्या शीतपेटींतली थंडी इतकी भरंवशाची नसते. नदीतळ्यांतल्या गोड्या पाण्याच्या माशांतल्या कृमींचा धोका त्याहून मोठा; आपल्या बोरीचा मासा तळून किंवा कालवण करूनच खावा. गरोदर स्त्रिया आणि अशक्त माणसें यांनीं कच्च्या मासळीच्या वाटेस जाऊं नये.

जेवणाच्या आरंभीं जपानी लोक हात जोडून "इतादाकिमास" म्हणतात, म्हणजे नम्रपणें ग्रहण करतों. शेवटीं "गोचिसोसामा" म्हणतात. या दुसऱ्या शब्दांत 'चिसो' म्हणजे धांवपळ. माझ्यासाठीं आपण केवढी धांवपळ केलीत, असा त्याचा रोख. मुलीनें आम्हांस हा शब्द शिकविला होता. हिला तो उच्चारतां येईना, म्हणून तिनें उठतांना त्या तरुणास "सुखी रहा बाळा" म्हटलें. त्याला किती कळलें कोण जाणे. तो फळीपलीकडून कमरेंत वांकला. पैसे किती झाले तें मुलीनें मला शेवटपर्यंत दाखविलें नाहीं.

गाडींत बसल्यावर मी सहज म्हटलें, "भाकरीच्या हाताचा म्हणालीस खरें, पण तव्यावरून ताटांत आलेली भाकरी तुला कधीं मिळाली?" तिनें थोडा वेळ हिशोब केला. "माहेरीं," ती म्हणाली. "चौथीपांचवींत असेन." मुलगी खिडकीबाहेर पाहत राहिली. समोर बसवून वाढण्याचें तिचें बोलणें मला तेव्हां पुरतें कळलें.

त्यानंतर तीन आठवड्यांनीं वेळ अमावास्या आली. आदल्या रात्रीं आमच्या घरीं, जशी या भागांत घरोघर असते तशी, चूल विझली नाहीं. भज्जीच्या भाज्या चिरणें, उंडे वळणें, खीर आटविणें. पंचवीस पाहुण्यांचें रांधतांना रांधणारीच्या जेवणाची आठवण कोणालाच नसते, तिला स्वतःलाही नसते. रात्रीं दहाच्या सुमारास मीं तिला पाटावर बसविलें, दुसऱ्या चुलीवर तवा टाकला आणि परातींत पीठ घेतलें. काय करूं असें विचारलें नाहीं. ती कांहीं न बोलतां माझ्या हातांकडे बघत राहिली. पहिली भाकरी उचलतांनाच मधोमध फाटली. तिनें दोन्ही तुकडे ताटांत घेतले, त्यावर भज्जी ओढली, आणि म्हणाली, "पाणी जरा कोमट घ्या. आणि दुसरी लवकर येऊं द्या."